मधोमध टिकली

चंदीगड, सेक्टर १४
२५ फेब्रुवारी २००७

प्रिय पद्मे,

हे पत्र नयनाच्या आवाजात तुझ्यापर्यंत पोचतं आहे, म्हणून सुरुवातीच्या सूचना तिच्यासाठी. नयना, तू पूर्वेच्या खिडकीपाशी स्टुलावर बस, म्हणजे उजेड तुझ्या तोंडावर आणि कागदावर नीट पडेल. सासूबाईंना समोर वेताच्या खुर्चीत बसव, चारेक हातांवर. तुझी ती हिरवी कापडी पिशवी वाटेत ठेवू नकोस, त्यांच्या खुर्चीच्या उजव्या पायाला टेकव. कुकर लावायचा राहिला असेल तर आधी लावून ये, कारण पत्र संपेपर्यंत कुणीही उठायचं नाही. मी आयुष्यभर पोरांना बाकांवर जागा ठरवून दिल्या आहेत आणि कारण कुणालाच सांगितलेलं नाही.

आता तू, पद्मे. फोन सोडून हिने कागद का काळा केला, असं तू मनात म्हणत असशील. फोनवर मी कॅमेरा म्हटलं की तुझ्या दाराची बेल वाजते, दूध उतू जातं, नाहीतर मिरजेची लाइट जाते. लाइट गेल्यावर फोन का बंद पडावा, हे मी सौजन्यापोटी विचारलेलं नाही. पत्राचं तसं नसतं. ते नयनाच्या हातात आहे, आणि नयना माझ्या पक्षाची आहे.

तुझ्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला, तेव्हापासून तू एकच शब्द वेगवेगळ्या चालींत म्हणते आहेस: संपलं. कडेचं सगळं दिसतं, मधलं तेवढं पुसल्यासारखं. दारात कोण उभं आहे ते खांद्यांच्या ठेवणीवरून ओळखतेस, पण त्याचं नाक काही दिसत नाही. आणि तुझ्या कॅमेऱ्यात फोकस लावायची सोय नेमकी मधोमध होती. त्या छोट्या गोलात माणसाचे दोन तुकडे दिसायचे, लेन्स फिरवून ते जुळवले की माणूस नीट आला. तो गोलच तुझ्या नजरेतून गेला. मग तू स्टुडिओ बंद केलास, कॅमेरे देऊन टाकलेस, ट्रायपॉडवर मनीप्लांटची कुंडी ठेवलीस, आणि जिने तू अर्ध्या मिरजेचे चेहरे टिपलेस ती पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स मला पाठवून दिलीस. बरोबर निरोप, ‘तुझ्या परीक्षेच्या पेपरांवर ठेवायला वजन.’ आमचा प्रसन्न लोकांना भूल देण्याचं काम इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये करतो, आणि जेवताना बोलून बोलून घरी बायकोवरही करतो. त्याने आपल्या डोळेवाल्या मित्राला तुझे रिपोर्ट दाखवले. तो म्हणाला, मधलं परत येणार नाही आणि कडेचं जाणार नाही. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य तू पाठ केलंस. दुसरं मी केलं.

माझी हकीकत सांगण्याआधी तुझा पूर्वपक्ष मांडते, कारण शास्त्रार्थात समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडावी लागते. नव्वदनंतर बाहेरचा माल येऊ लागला, त्या काळात पुण्याहून एक विक्रेता तुझ्या स्टुडिओत आपोआप फोकस करणारा कॅमेरा घेऊन आला होता. मी सुटीत माहेरी आलेली, तिथेच तुझ्या रंगीत पडद्यासमोर बसले होते. त्याने बटण दाबलं, लेन्स घूं करून फिरली, आणि त्याने असा चेहरा केला जणू पृथ्वी त्यानेच फिरवली. तू हात पुसत म्हणालीस, ‘छान आहे हो. फोटोही हाच काढणार असेल तर मी घरी जाऊ का?’ बिचारा सरबताचा पेला अर्धा ठेवून गेला. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, ‘शैले, बाबा खुंटी पिळतात ना, तेव्हा सूर लागायच्या आधी त्यांच्या मनगटाला कळतं. ते मनगट मी यंत्राला कशाला देऊ?’ सतारमेकर गल्लीतल्या, तंबोरे करणाऱ्याची तू मुलगी. हे बोलायचा अधिकार तुलाच होता. मी मान डोलावली. मला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण न कळता मान डोलावण्याचं शिक्षण आम्हा संस्कृतवाल्यांना फार लवकर मिळतं.

तर गेल्या ऑगस्टपासून या गावात डिजिटल कॅमेऱ्यांची साथ आली आहे. ज्याला त्याला तो चपटा डबा हवा. त्यामुळे फिल्मचे कॅमेरे कपाटांतून बाहेर पडून मिळेल त्या घरी जाऊ लागले. माझ्या टेबलावर तुझी लेन्स पेपरांवर बसून होती. मला वाटलं, एवढी गुणी बाई नुसती वजन म्हणून का बसावी, आपणच तिला कामाला लावू आणि या वयात एक नवी विद्या शिकू. माझ्यासाठीच हं. तुझा काही संबंध नाही, तू आरामात ऐक.

वायुदलातल्या आपल्या लोकांची रीत तुला ठाऊक नसेल. टेन्युअर संपलं, बदलीचा कागद आला, की पेट्या भरायच्या आधी घरापुढच्या लॉनवर सेल मांडतात. कूलर, पडदे, मुलांच्या सायकली, एकदा तर चालू स्थितीतला देव्हारा. नाशिकच्या मधुरिमाच्या नवऱ्याची बदली झाली आणि तिच्या सेलमध्ये आपोआप फोकस करणारा जुना कॅमेरा आहे असं मंडळाच्या गणपतीत कळलं. तुझी लेन्स पर्समध्ये घालून नेली तर कुठे आपटेल म्हणून मी काय केलं, शिवणाचा दोरा घेतला, लेन्सच्या मागच्या तोंडाला गुंडाळला, बांगडीचं माप घेतात तसं, आणि गाठ मारून तो दोरा घेऊन गेले. सगळ्या बायकांदेखत मी कॅमेऱ्याच्या तोंडाला दोरा लावला. मधुरिमा म्हणाली, ‘अहो शैलाताई, चुडा भरायचाय का त्याला?’ माप तंतोतंत जुळलं. मी विजयी मुद्रेने घरी आले, लेन्स लावली, तर ती आत बसेना, बसली तर फिरेना, फिरवली तर करकरली. आमची वल्लरी मराठी सगळं समजते आणि उत्तर मात्र स्वतःच्या भाषेत देते. ती म्हणाली, ‘मम्मा, तुमने कैमरे का नाप धागे से लिया? सीरियसली?’ आणि ही बातमी मैत्रिणींना पोचवायला आत गेली.

तेव्हा मला ज्ञान झालं की लेन्स आणि कॅमेऱ्याचं नुसतं माप जुळून भागत नाही, गोत्र जुळावं लागतं. प्रत्येक कंपनीच्या तोंडात आपापल्या खाचा, आपापले दात. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य, इथे सगोत्राखेरीज विवाहच नाही. धर्मशास्त्रकारांना ही शक्यता सुचलेली दिसत नाही. मधुरिमाचा तो कॅमेरा आता माझ्या पेपरांवर वजन म्हणून बसतो, आणि त्या कामात तो उत्तम आहे.

मग मात्र लेन्स शालीत गुंडाळून सेक्टर बावीसमधल्या रविंदरजींच्या दुकानात गेले. पुढच्या काचेत डिजिटल, मागे फिल्मच्या कॅमेऱ्यांची ट्रंक. ‘मैडम, फिल्म तो गई,’ ते म्हणाले, ‘आप प्रोफेसर हो, आपको तो पता होना चाहिए.’ मी म्हटलं, मी संस्कृत शिकवते, गेलेल्या गोष्टींवरच आमचं घर चालतं. ते इतके हसले की चहा आला. चहा येईपर्यंत ट्रंक उघडली गेली होती आणि त्यातून तुझ्या लेन्सच्याच कंपनीचा एक काळा कॅमेरा निघाला, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचा, उजव्या हाताच्या मुठीपाशी घासून चकाकणारा. त्या कंपनीने आपोआप फोकसचं यंत्र आणलं तेव्हा तोंड मात्र जुनंच ठेवलं. जुन्या सुना नव्या घरात राहिल्या. रविंदरजींनी ठिपक्याला ठिपका लावला, मनगट वळवलं, आणि खट् असा आवाज झाला. पद्मे, तू स्टुडिओत दिवसातून कितीदा तो आवाज करायचीस. मी तो तुझ्या स्टुडिओबाहेर पहिल्यांदाच ऐकला.

अर्थात तुझी लेन्स हाताने फिरवायची. कॅमेऱ्याची मोटर तिला फिरवू शकत नाही, कारण तिच्या पोटात तसा स्क्रूच नाही. रविंदरजी ओशाळून म्हणाले, ‘ये खुद फोकस नहीं करेगी जी. बस, आप घुमाते जाओ, सही जगह पे कैमरा बोल देगा.’ आणि खरंच, त्यांनी लेन्स फिरवत नेली आणि नेमक्या जागी आल्यावर कॅमेरा ‘चिक’ म्हणाला, आपल्याकडे पाल म्हणते तसा, पण जरा सुसंस्कृत. ते ही उणीव म्हणून सांगत होते. मी त्यांना तो आवाज पुन्हा पुन्हा काढायला लावला, डोळे मिटून ऐकला. मागच्या झाकणाच्या कडेचा स्पंज चिकट होऊन गळायला आला होता, त्यातून उजेड आत शिरतो म्हणे. तो त्यांनी बदलून दिला. निघताना मी आणखी एक छोटं काम करून मागितलं. ते ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘मैडम, लोग मेरे पास अंदर का कचरा निकलवाने आते हैं.’ कोणतं काम, ते शेवटी सांगते. त्यांनी केलं, एवढं खरं.

स्वतः फिरणारी एक लेन्सही हवी होती, निदान शिकण्यापुरती. ती निघाली रविंदरजींच्या साडूकडे, पालमपूरला. हिमाचलच्या बसच्या कंडक्टरबरोबर जगातली कोणतीही वस्तू पाठवता येते, सफरचंदांपासून सासऱ्यांपर्यंत. ठरलेल्या दिवशी मी सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर उभी राहिले. बस लागली आणि कंडक्टर दारातून ओरडू लागला, ‘लेंस वाली मैडम, लेंस वाली मैडम कौन है जी?’ मी पुढे झाले. माझ्या शेजारची बाई फार दयाळू होती. ‘ऑपरेशन है, बहनजी? घबराना नहीं, मेरी सास का भी हुआ था.’ लेन्स एका लोकरी टोपीत गुंडाळलेली होती आणि टोपी कंडक्टरला परत हवी होती. त्यामुळे लेन्स पदरात धरून, त्या बाईचे आशीर्वाद घेत मी घरी आले.

मग शिक्षण सुरू झालं. पद्मे, हे शहर ज्याने कुणी बांधलं त्याला आपोआप फोकस करणाऱ्या यंत्राचा काहीतरी राग असावा. जिथे बघावं तिथे करड्या काँक्रीटची सपाट भिंत. तिच्यासमोर कॅमेरा धरला की लेन्स आत जाते, बाहेर येते, आत जाते, बाहेर येते, ब्रह्म शोधणाऱ्या साधकासारखी, आणि शेवटी दमून गप्प बसते. मी विद्यापीठाच्या भिंतीपुढे अशी बराच वेळ उभी होते, तेव्हा चौकीदार येऊन अदबीने विचारून गेला की भिंतीत काही दोष आहे का. दोष भिंतीत नव्हता. या जुन्या कॅमेऱ्यांना एकच डोळा असतो, तोही बरोबर मधोमध, आणि त्या डोळ्याला सपाटीत काही दिसत नाही. त्याला कड लागते. भिंत संपून आभाळ सुरू होतं ती कड, सावलीची कड, छापील अक्षराची कड. कड मध्यावर आणायची, बटण अर्धं दाबायचं, चिक ऐकायचं, बोट तसंच ठेवून कॅमेरा हव्या त्या बाजूला वळवायचा, आणि मग पूर्ण दाबायचं. अर्धं दाबून थांबणं हा त्यातला कठीण भाग. आमच्या विद्यार्थ्यांना तो जन्मात जमायचा नाही, प्रश्न संपायच्या आत पूर्ण उत्तर दाबतात.

पहिला रोल धुऊन आला तो सगळा पांढुरका, जणू चंदीगडला पावडर लावून बसवलं होतं. प्रसन्न म्हणाला, ‘छान. पेशंट शुद्धीवर येताना असंच दिसतं म्हणतात.’ रविंदरजींना मात्र कारण लगेच कळलं, कारण ते त्यांच्याच हातचं होतं. त्यांनी वरच्या चाकावरचा आकडा जरा मागे सरकवून दिला आणि दुसऱ्या रोलमध्ये लोकांना रंग आले. मग मुल्लानपूरच्या शेतांत ट्रॅक्टरमागे चालणारे बगळे झाले, सुखना तलावावर धुक्यात दोर सोडणारे नावाडी झाले. नोव्हेंबर संपता संपता मी मोटरवाली लेन्स काढून ठेवली आणि तुझी लावली. आणि तिथे, पद्मे, मला तुझ्या बाबांची आठवण झाली. लेन्स फिरवत जायचं, जागा येते, चिक होतं, तरी किंचित ओलांडून जायचं आणि परत यायचं. पुन्हा चिक. खुंटी पिळताना ते असंच करायचे, सूर ओलांडून परत यायचे. मला म्हणायचे, ‘शैला, तुला ऐकू येतं, पण लागत नाही.’ पंचवीसेक वर्षांनी लागलं. ते असते तर त्यांनी मला पेढा दिला असता आणि तुला टोमणा.

आता त्या फोटोबद्दल. आमच्या शेजारी हरदयाल सिंग राहतात, वनस्पतिशास्त्रातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या सुरजीत कौर. रोज सकाळी हिरवळीवर यांचा एक कार्यक्रम असतो. पगडी बांधण्याआधी ते लांबलचक कापड दोघांनी दोन टोकांना धरून ताणायचं आणि घड्या घालत जवळ यायचं. गेली चाळीस वर्षं हे चाललं आहे आणि गेली चाळीस वर्षं कापड सैल का पडतं यावर भांडण आहे. ते म्हणतात, ‘खिच के फड़, भागवाने, सुत्ती पई एं?’ म्हणजे, ओढून धर की, झोपलीस का? ती म्हणते, ‘मैं तां फड़या ए, हिलदे तुसीं ओ.’ म्हणजे, मी नीट धरलंय, हलताय तुम्हीच. त्या दिवशी धुकं नुकतं उठत होतं, ऊन मागून येत होतं, आणि फिरोजी कापड पेटल्यासारखं मधे ताणलेलं. एका कडेला ते, एका कडेला ती, आणि मधोमध फक्त कापड. मी कुंपणापाशी उकिडवी बसले. कापडावर कॅमेऱ्याला काहीच सापडेना, तो गप्प. मग कॅमेरा हरदयालजींच्या दाढीकडे वळवला, लेन्स फिरवली, चिक, जरा पुढे, परत मागे, चिक. बोटं लेन्सवरून उचलली, कॅमेरा पुन्हा कापडावर आणला. दोघं माझ्यापासून सारख्याच अंतरावर, त्यामुळे एकावर फोकस झाला की दुसरी आपोआप आली. तेवढ्यात तिने मुद्दाम एक झटका दिला, ते पाऊलभर पुढे ओढले जायच्या बेतात आले, आणि ती हसली. दाबलं.

हा फोटो इथल्या एका कॅमेरा क्लबच्या वार्षिक स्पर्धेला दिला. वल्लरीने फॉर्म भरताना दोनदा विचारलं, ‘पक्का ना, मम्मा? फिर रोना मत.’ भिंतीभर डिजिटल, आणि एका कोपऱ्यात आमचं फिरोजी कापड. सेक्टर सोळाच्या त्या दालनात गेल्या रविवारी निकाल लागला. पहिलं बक्षीस. हो, पहिलंच, नयना, परत वाच. परीक्षक एक निवृत्त कर्नल होते. व्यासपीठावरून म्हणाले, ‘फोकस देखिए साहब, दाढ़ी का एक-एक बाल गिन लीजिए.’ हरदयालजींनी समोरच्या रांगेत खरोखर दाढीवरून हात फिरवला. सुरजीत कौर म्हणाल्या, ‘गिनना है तो मेरे दांत गिनो, फोटो तो मेरे हंसने की है,’ आणि सगळं दालन हसलं. कर्नलसाहेबांनी मला विचारलं, इतकी नेमकी नजर कशी आली, कुठे बघता तुम्ही? मी म्हटलं, किनारे से. त्यांना वाटलं मी विनयाने बोलते आहे. माझ्यावर असा आरोप यापूर्वी कुणी केलेला नाही.

पद्मे, मी अगदी खरं तेच सांगितलं होतं. रविंदरजींकडून जे काम करून घेतलं ते हे: कॅमेऱ्याच्या आत जिच्यावर चित्र उमटतं त्या काचेवर, बरोबर मध्यावर, मी माझी एक टिकली चिकटवून घेतली. मरून रंगाची, मध्यम आकाराची. त्या दिवसापासून मी खिडकीतून बघितलं की कडेचं सगळं दिसायचं आणि मधलं नाही. अगदी तुला दिसतं तसं. यंत्राचा फोकसचा डोळा त्या काचेखाली वेगळा असतो, त्याला टिकली आड येत नाही. पहिला रोल पांढुरका झाला तो त्यामुळेच; मधे अंधार आहे असं समजून बिचारा कॅमेरा उजेड वाढवत राहिला. बगळे, नावाडी, सगळे मी टिकलीसकट काढले. हरदयालजींची दाढी मला दिसलीच नव्हती, ती टिकलीखाली होती. मला त्यांचा खांदा दिसत होता, ताणलेलं कोपर दिसत होतं, आणि कानाने दाढी कळली. ज्या फोटोच्या फोकसला पहिलं बक्षीस मिळालं, त्याचं मधलं फोकस लावणारीने पाहिलेलं नाही. तू म्हणशील, कागदावर आलेला फोटो मला कुठे नीट दिसणार. नाही दिसणार, पूर्वीसारखा नाही. पण फोटो शटर दाबायच्या आधीच काढून झालेला असतो, हे मला तूच ऐकवायचीस, आणि मी ते न कळता मान डोलवून मान्य केलं होतं. आता कळून मान्य करते. त्या यंत्राचा एकुलता डोळा मधोमध आहे. तुझं तेवढंच गेलंय. बाकीचं त्याच्याकडे नाही, ते सगळं तुझ्याकडे आहे, आणि मनगट तर तू त्याला द्यायचंच नाहीस. लेन्स तूच फिरवायची. तो फक्त सूर लागला की सांगेल.

म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात तुझा इंद्रजित ऑफिसच्या कामाला दिल्लीला आला होता, तिथून एक रात्र आमच्याकडे आला. ‘मावशी, आई चिडेल,’ असं म्हणत त्याने सगळं सामान बॅगेत भरलं. तुझ्या खुर्चीच्या उजव्या पायाला टेकवलेल्या हिरव्या पिशवीत भाजी नाही. हात खाली सोड. आत कॅमेरा आहे, त्याला तुझी लेन्स लावलेली आहे, बॅटरी नवी आहे, कमी उजेडातही चालणारा चारशेचा रोल घातला आहे. टिकली मी काढून घेतली आणि रविंदरजींनी काच पुसून दिली. तुझी टिकली तुझ्याकडे आहेच. उचल. डोळ्याला लाव. समोर खिडकीच्या उजेडात तुझी सून बसली आहे, हातात कागद घेऊन, आणि तुझा चेहरा बघून हसू दाबते आहे. तिचे खांदे तुला दिसतात. कॅमेरा तिच्या हातातल्या कागदावर आण. पांढऱ्यावर काळी अक्षरं आहेत, सगळीकडे कडाच कडा, मी मुद्दाम जाड निबाने लिहिलं आहे. तुला ती वाचता येत नाहीत, त्याला पुरेशी दिसतात. आता बटण अर्धं दाबून ठेव आणि लेन्स फिरव. झालं चिक? जरा ओलांड. परत ये. आता तिचा चेहरा हवा तिथे घे, खिडकी किती ठेवायची ते तू ठरव. नयना, कागद खाली करू नकोस, डोळेही पुसू नकोस. यापुढे फक्त माझी सही उरली आहे, ती सावकाश वाच.

तुझीच,
शैला